बारा आठवडे बंद असलेलं मशीन शॉप पुन्हा सुरू करताना

प्रश्न थोडक्यात असा, कोरोनाच्या लॉकडाऊननंतरच्या जून २०२० मधला: पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतलं, धातूचे भाग बनवणारं छोटं मशीन शॉप. सहा सीएनसी (संगणकाच्या कंट्रोलवर चालणारे) लेथ, तीन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची सीएनसी मशीन), एक पॉवर प्रेस, ३० एचपीचा स्क्रू कंप्रेसर. २३ मार्चपासून बंद. परवानगी मिळाली तरी ग्राहकाकडे काम नव्हतं, म्हणून उघडलं नाही. आता ग्राहक सोमवारपासून मार्चमधलं पूर्ण शेड्यूल मागतोय. २४ पैकी १५ कामगार इथे आहेत, नऊ जण गावी आहेत. सुरुवात कुठून करायची?

सुरुवात ग्राहकाला मेल करण्यापासून करा. पहिल्या आठवड्यात डिस्पॅच नाही, दुसऱ्यात निम्मा, तिसऱ्यापासून पुढचं बोलू, असं आजच लेखी कळवा. वाहन उद्योगाचा माल देत असाल तर समोरच्याला हे नवीन नाही. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकात ८.५.१.४ हे कलमच मुळी बंद पडलेली लाइन पुन्हा सुरू करताना करायच्या पडताळणीचं आहे. शिवाय विशाखापट्टणमला ७ मे रोजी स्टायरिनची गळती होऊन माणसं गेली, ती लॉकडाऊननंतर कारखाना सुरू होण्याच्या बेतातच. टाकीतलं रसायन बंदच्या काळात तापत गेलं आणि ते वेळेत कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर दोनच दिवसांनी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सूचना काढल्या. त्यात स्पष्ट लिहिलंय की पहिला आठवडा चाचणीचा धरा, उत्पादनाचं मोठं लक्ष्य ठेवू नका. या सूचनेचा आधार मेलमध्ये द्या. तुमच्याकडे स्टायरिन नाही, पण बंद शेडमध्ये वीज, हवेचा दाब, सडलेलं कूलंट (धातू कापताना थंड ठेवणारं तेल-पाणी) आणि सराव सुटलेले हात आहेतच.

पहिल्या दिवशी फक्त दोघा-तिघांना बोलवा: मेंटेनन्सचा माणूस, एक जुना सेटर (मशीन जॉबसाठी लावून देणारा) आणि इलेक्ट्रिशियन. मेन स्विच बंदच ठेवून आधी शेड फिरून बघा. ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळात पुणे परिसरात कितीतरी शेडचे पत्रे हलले. वरून दिसायला ठीक असतात, पण जे-बोल्टचे वॉशर सुटलेले असतात आणि पाणी नेमकं केबल ट्रेवर टपकतं. खाली जमिनीवर पाण्याचे वाळलेले डाग दिसले की त्याच्या बरोबर वर काय आहे ते तपासा. मग प्रत्येक पॅनेल उघडा. उंदरांचा मुक्काम हमखास असतो. लेंड्या, कुरतडलेलं इन्सुलेशन, पॅनेलच्या तळाशी चिंध्यांचं घरटं. एन्कोडरची (ॲक्सिस कुठे आहे ते कंट्रोलला सांगणाऱ्या सेन्सरची) केबल बारीक असते आणि मशीनखालून जाते, म्हणून ती आधी बघा. केबल जिथून आत येते ते ग्लँडचं भोक उघडं असेल तर आत्ताच बुजवा. पावसाळ्यात बाहेरचे उंदीर आत येणारच आहेत.

साध्या इंडक्शन मोटरा, म्हणजे कूलंट पंप, हायड्रॉलिक पॉवर पॅक, प्रेस, कंप्रेसर, यांचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) मोजा. एक मेगाओमच्या खाली रीडिंग आलं तर मोटर चालवायचीच नाही. एक ते पाचच्या मध्ये आलं तर वाळवून पुन्हा मोजा. वाळवायला टर्मिनल बॉक्स उघडून गरम हवेचा ब्लोअर किंवा जवळ १०० वॅटचा बल्ब एक दिवस-रात्र पुरतो. एक गोष्ट इलेक्ट्रिशियनला दोनदा बजावून सांगा: ज्या मोटरवर ड्राइव्ह (वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) आहे, तिच्या तारा ड्राइव्हपासून सोडल्याशिवाय मेगर लावायचा नाही. नाहीतर मोटर तपासायच्या नादात ड्राइव्हचं कार्ड उडेल. सर्व्हो आणि स्पिंडल मोटरांना तर मशीनच्या सर्व्हिसवाल्याशिवाय हात लावू नका. बंद ड्राइव्हचे कपॅसिटर पुन्हा फॉर्म करावे (हळूहळू व्होल्टेज वाढवत पूर्ववत करावे) लागतात, असं कुणी सांगून पैसे मागेल. ते वर्षभर किंवा जास्त पडून असलेल्या ड्राइव्हला लागू आहे, तीन महिन्यांना नाही.

मेन चालू केल्यावर तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि फेजचा क्रम मोजा. वादळानंतर आणि लॉकडाऊनच्या काळात बऱ्याच ठिकाणी केबल, जंपर, ट्रान्सफॉर्मरची कामं झाली आहेत. दोन फेज अदलाबदल होऊन जोडले गेले असतील तर दिवे आणि पंखे काहीच तक्रार करत नाहीत, पण थ्री-फेज मोटरा उलट्या फिरतात. हायड्रॉलिक पंप उलटा फिरला तर प्रेशर येत नाही आणि पंप कोरडा घासतो. स्क्रू कंप्रेसर उलटा फिरला तर काही सेकंदांत एअरएंड, म्हणजे हवा दाबणारा मुख्य भाग, जातो, आणि त्याची किंमत तुम्हाला ठाऊक आहे. नव्या कंप्रेसरमध्ये फेज सीक्वेन्स रिले असतो. जुन्यात आहे का, असला तर कुणी बायपास करून ठेवलाय का, ते पाहा. मीटरने क्रम तपासायला दोन मिनिटं लागतात.

कंप्रेसर सुरू करण्याआधी टाकीत दाब शून्य असल्याची खात्री करा आणि तेलाच्या टाकीचा तळाचा ड्रेन हळूच सैल करा. आधी पाणी येईल, तेल यायला लागलं की बंद करा. बंद कंप्रेसरमध्ये हवेतला ओलावा आत थंड होऊन तळाशी बसतो आणि तेलावर चालणारी बेअरिंग पहिल्या मिनिटाला पाण्यावर चालतात. मग कपलिंग किंवा बेल्ट धरून फिरण्याच्या दिशेनेच हाताने दोन-तीन फेरे द्या. अडलं तर पाना लावून जोर करू नका, सर्व्हिसला बोलवा. मोकळं फिरलं तर मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढं कंप्रेसरचंच तेल इनटेकमधून ओता, साधारण अर्धा लिटर, आणि पुन्हा हाताने फिरवा. त्यानंतरच बटण. पाच-दहा मिनिटं अनलोडवर चालू द्या. रिसीव्हरचा, म्हणजे हवेच्या टाकीचा, ड्रेन उघडून गंजाचं लाल पाणी पूर्ण काढा, सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून तो उघडतो का बघा. रिसीव्हरची सहामाही तपासणी आणि होइस्टची वार्षिक तपासणी याच काळात उलटून गेली असेल, तर सक्षम व्यक्तीला, म्हणजे सरकारमान्य तपासनीसाला, आत्ताच तारीख मागा. सगळ्या कारखान्यांना तारखा एकदमच लागणार आहेत.

आता सीएनसी. बंद मशीनची बरीचशी स्मृती बॅटरीवर असते. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलमध्ये (मशीन चालवणाऱ्या संगणकात) साधारण दोन प्रकारच्या बॅटऱ्या दिसतील. कंट्रोलची ३ व्होल्टची लिथियम बॅटरी पॅरामीटर आणि प्रोग्रॅम धरून ठेवते. सर्व्हो ॲम्प्लिफायरची ६ व्होल्टची बॅटरी ॲक्सिसचा (मशीनच्या सरकत्या भागाचा) शून्यबिंदू धरून ठेवते, आणि बऱ्याच मशीनवर ती म्हणजे १.५ व्होल्टचे चार मोठे सेलच असतात. रोज चालणाऱ्या मशीनवर त्या वर्षभर टिकतात. तीन महिने अखंड बंद राहिलेल्या मशीनवर जुनी बॅटरी केव्हा मान टाकेल याचा नेम नाही. म्हणून मशीन चालू झालं की कुठलाही ॲक्सिस हलवण्याआधी पॅरामीटर, प्रोग्रॅम, ऑफसेट आणि लॅडरचा (मशीनच्या आतल्या लॉजिकचा) बॅकअप कार्डवर घ्या. मग इमर्जन्सी स्टॉप दाबून, कंट्रोल चालू ठेवूनच सर्व्होचे सेल बदला. कंट्रोल बंद करून सेल काढले की शून्य गेलंच. नऊच्या नऊ मशीनचे सेल एकदमच बदला आणि तारीख दारावर मार्करने लिहा.

चालू केल्यावर ३०० क्रमांकाचा अलार्म, म्हणजे रेफरन्स हरवल्याचा, आला तर ऑपरेटरला अंदाजाने शून्य मारू देऊ नका. लेथवर चुकीच्या शून्याने टरेट (टूल धरणारा फिरता भाग) थेट चकवर (जॉब धरणाऱ्या पकडीवर) जाईल. व्हीएमसीवर टूल चेंजची जागा चुकेल आणि आर्म स्पिंडलला अडकेल. मशीनवरच्या खुणा जुळवून रेफरन्स लावायचा, सॉफ्ट लिमिट (कंट्रोलमध्ये भरलेल्या हालचालीच्या मर्यादा) तपासायच्या, आणि मगच एकेक टूल चेंज सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीला थांबत) करून बघायचा. हे काम सर्व्हिस इंजिनिअरचं. तो फोनवर सांगायला तयार असला तरी ऐकणारा जुना सेटरच असावा.

ॲक्सिस हलवण्याआधी ल्युब्रिकेशन पंपाचं बटण हाताने दाबत राहा, सरकत्या भागांवर तेलाची ओल दिसेपर्यंत. तोवर काही हलवायचं नाही. मग हँडलने, कमीत कमी पायरीवर, थोडं पुढे थोडं मागे. टेलिस्कोपिक कव्हरवर गंज धरून एखादी पट्टी अडकली असेल तर रॅपिडने (वेगवान हालचालीने) ती चुरगळते, हँडलने हाताला कळतं. चकमध्ये मार्चमधला अर्धवट जॉब तसाच अडकलेला असतो. तो काढल्याशिवाय स्पिंडल फिरवू नका, कारण दाब उतरून जबड्यांची पकड सैल झालेली असू शकते. जबड्यांमधलं ग्रीस सुकलं असेल तर गेजवर दाब नेहमीचाच दिसतो, पण प्रत्यक्ष पकड कमी असते. चक खोलून, पुसून, नवीन ग्रीस भरा.

स्पिंडल पहिल्यांदा कमाल आरपीएमच्या दहा टक्क्यांवर पंधरा-वीस मिनिटं, मग वीस, चाळीस, साठ, असा चढवत न्या. बेअरिंगचं ग्रीस एका बाजूला बसलेलं असतं, ते पसरायला वेळ हवा. प्रत्येक पायरीला पुढच्या बेअरिंगपाशी तापमान बघा. ६० अंशांवर जात असेल किंवा आवाज बदलला तर थांबा आणि पार थंड होऊ द्या. एका मशीनला यात अर्धा दिवस जातो. नऊ मशीनना तीन दिवस धरा, आणि सगळी एकाच मिनिटाला चालू करू नका.

कूलंटबद्दल लोक कंजुषी करतात, म्हणून जरा खोलात सांगतो. तीन महिने न हललेल्या टाकीत वर ट्रॅम्प ऑइलचा (मशीनमधून गळून आलेल्या तेलाचा) थर जमतो, खाली हवा पोचत नाही आणि तिथे वाढलेले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच. पंप चालू केला की तो वायू एकदम शेडमध्ये सुटतो. आधी शटर आणि खिडक्या उघडा, पंखे लावा. साध्या मास्कने हा वायू अडत नाही. जुन्या कूलंटमध्ये थोडं नवीन तेल ओतून काम भागवायचा मोह आवरा. जिवाणू आठवड्यात नवीनही खातात, पीएच खाली येतो, जॉब गंजतात आणि ऑपरेटरच्या हातांना खाज सुटते. टाकी रिकामी करा, तळाचा चिप्सचा गाळ खरवडून काढा, पाण्यात सिस्टिम क्लीनर घालून ते पाइपांमधून काही तास फिरवा, काढून टाका, साध्या पाण्याने एकदा धुवा. मग नवीन भरा. २०० लिटरची टाकी सहा टक्क्यांवर करायची तर १८८ लिटर पाणी आणि १२ लिटर तेल. आधी पाणी, त्यात तेल. उलट केलं तर मिश्रण नीट बनत नाही. रिफ्रॅक्टोमीटरचं (कूलंटमधलं तेलाचं प्रमाण मोजायच्या यंत्राचं) रीडिंग तेलाच्या गुणकाने गुणायला विसरू नका, आणि पीएच ८.५ च्या वर राहतोय ना ते दर आठवड्याला पट्टीने बघा. काढलेलं कूलंट हा घातक कचरा आहे. ते गटारात नाही, बॅरलमध्ये भरून रांजणगावच्या सामायिक प्रक्रिया केंद्राकडे किंवा तुमच्या अधिकृत उचल करणाऱ्याकडे गेलं पाहिजे.

याच वायूमुळे दुसरी सूचना, आणि ती सगळ्यात महत्त्वाची: पाण्याची भूमिगत टाकी, सेप्टिक टँक, सांडपाण्याचा खड्डा, यांत कुणालाही उतरू देऊ नका. बंद काळात आतला ऑक्सिजन संपलेला असतो. पहिला माणूस कोसळतो, दुसरा त्याला काढायला उडी मारतो आणि दोघेही जातात. गॅस मीटरवर ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर आणि हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या खाली दिसल्याशिवाय, वर दोरी धरलेला माणूस असल्याशिवाय झाकणाच्या आत पाय नको. मीटर नसेल तर साफसफाई बाहेरच्या प्रशिक्षित एजन्सीला द्या.

पिण्याच्या पाण्याची गच्चीवरची टाकी रिकामी करून घासा. पुन्हा भरताना दर १००० लिटरला साधारण १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर आधी बादलीत कालवून, वरचं पाणी ओता. रात्रभर ठेवून सगळे नळ सोडून ते पाणी वाहू द्या, मग वापराचं पाणी भरा. अग्निशामक सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का पाहा. प्रेसचं दोन हातांचं बटण, ब्रेक आणि गार्ड तपासल्याशिवाय तिच्यावर डाय चढवू नका.

निर्जंतुकीकरणात जेवढा उत्साह दिसतो तेवढीच चूकही दिसते. फरशी, संडास, दाराच्या मुठी यांना एक टक्का हायपोक्लोराइट पुरतं: बाजारातलं पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग त्यात चार भाग पाणी, दहाचं असेल तर एकाला नऊ. हे मशीनवर, पॅनेलवर, गेजवर फवारू नका, गंज दुसऱ्या दिवशी दिसेल. कीपॅड आणि हँडल ७० टक्के अल्कोहोलने कापड ओलं करून पुसा, वीज बंद ठेवून. हायपो आणि संडासचं ॲसिड एकत्र आलं तर क्लोरिन सुटतो, म्हणून सफाईवाल्या ताईंना दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या दिवशी द्या. माणसांवर फवारणी अजिबात नको, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच ती नाकारली होती. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करणाऱ्याला सॅनिटायझर देऊ नका, साबण द्या. ओल्या हातावरचं अल्कोहोल ठिणगीने पेटतं आणि त्याची ज्वाळा दिसतही नाही.

लेथवर मागे नाडी बांधायचे मास्क, गळ्यात गमछा आणि रबरी हातमोजे पूर्ण बंद. फिरत्या चकजवळ लोंबणारी प्रत्येक गोष्ट धोक्याची आहे. कोरोनाच्या नावाखाली आलेल्या हातमोज्यांनी बोटं जायला नकोत. मास्क कानाला अडकवायचे, सुती, प्रत्येकाला किमान तीन द्या. घामाने भिजतात, दुपारी बदलावे लागतात.

आता माणसं. पहिल्या आठवड्यात एकच दिवसपाळी ठेवा आणि १५ जणांचे दोन गट करून दिवसाआड बोलवा. गट मिसळू देऊ नका. एका गटात ताप निघाला तर दुसरा शॉप चालवू शकतो. प्रत्येक गटात एक सेटर हवाच. नंतर दोन पाळ्या लावाल तेव्हा मध्ये एक तासाची फट ठेवा, केंद्राच्या एप्रिल २०२० च्या सूचनांतही ती होती. डबे एकत्र खायला बसतात तिथे खरा संसर्ग होतो, कारण मास्क तिथेच उतरतो. जेवणाची सुट्टी तीन तुकड्यांत द्या आणि जेवण शक्यतो शेडच्या बाहेर, मोकळ्यावर. अंगठ्याची हजेरी बंद, रजिस्टर टाइमकीपरने स्वतः लिहायचं.

दारावरची तापाची बंदूक उन्हातून सायकलवर आलेल्या माणसाला हमखास ताप दाखवते. पाच-दहा मिनिटं सावलीत बसवून मग मोजा. पण त्या बंदुकीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, आजारपणाचा पगार कापणार नाही असं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा. खाडा पडेल या भीतीने माणूस सकाळी पॅरासिटामॉल घेऊन येतो, बंदूक ९८ दाखवते आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांच्या शेजारी उभा असतो. ईएसआयसीत (कामगार विमा योजनेत) आजारपणाच्या रजेला पगाराच्या ७० टक्के मिळतात, वरचे ३० टक्के तुम्ही घाला. पंधरा माणसांच्या शॉपमध्ये हा खर्च फार होत नाही, आणि शॉप पुन्हा बंद पडण्यापुढे तर काहीच नाही.

तीन महिन्यांनी आलेला चांगला ऑपरेटरही पहिले दोन-तीन दिवस चुका करतो: ऑफसेटचं चिन्ह उलट, टूल नंबर चुकीचा, दरवाजाचा इंटरलॉक 'जरा वेळ' बायपास. पहिल्या दिवशी त्याला नेहमीचाच, सोपा जॉब द्या, रॅपिड २५ टक्क्यांवर ठेवा. पहिला पीस ड्रॉइंगच्या सगळ्या मापांनी तपासा, पहिले दोन तास प्रत्येक पीस. त्याआधी मायक्रोमीटर मास्टरवर शून्य करा आणि प्लग गेजवर (भोकाचं माप तपासायच्या गेजवर) गंजाचा ठिपका आहे का ते भिंगातून बघा. मार्चमधला अर्धवट माल वेगळा करून लाल टॅग लावा, नव्यात मिसळला तर तपासणीत कुठला कोणता ते कळणार नाही. माणूस कमी म्हणून हेल्परला प्रेसवर बसवू नका. प्रेस बंद राहिली तरी चालेल.

गावी असलेल्या नऊ जणांना ठेकेदारामार्फत नाही, स्वतः फोन करा. लातूर, बीडहून येणाऱ्याला तेव्हा, २०२० मध्ये, प्रवासाचा ई-पास लागत होता, त्यासाठी कंपनीचं पत्र व्हॉट्सॲपवर पाठवायचं. तो येत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा भीतीपेक्षा हिशेब असतो: खोलीचं तीन महिन्यांचं भाडं थकलंय, येताच १४ दिवस वेगळं राहावं लागलं तर खायचं काय, आणि पुन्हा बंद झालं तर? लांडेवाडीतल्या किंवा मोशीतल्या खोलीमालकाशी तुम्ही बोला, भाड्यापुरती उचल द्या, वेगळं राहण्याच्या दिवसांची निम्मी हजेरी तरी धरा, आणि उचल चार-सहा हप्त्यांत कापा, पहिल्या पगारातून नाही. पेरण्या तोंडावर आहेत. शेती असलेले दोन-चार जण जुलैआधी येणार नाहीत, ते गृहीत धरूनच शेड्यूल लावा. जून २०२० मध्ये पुण्यात पीएमपीची बस सर्वसामान्यांसाठी सुरू नव्हती, त्यामुळे हडपसर, येरवड्याकडचे कामगार कसे येणार हेही आधीच ठरवा. कोरोनाच्या प्रतिबंधित क्षेत्रात राहणाऱ्याला बोलावू नका, आणि त्याचा खाडाही धरू नका.

बंद काळाच्या पगाराचा प्रश्न लांबवू नका. बंद काळातही पूर्ण पगार देण्याचा केंद्राचा २९ मार्च २०२० चा आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला. मधल्या ५० दिवसांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १२ जूनला मालक आणि कामगारांनी बोलून तोडगा काढावा असं म्हटलं. तेव्हा बसा, जमेल ती रक्कम ठरवा, हप्ते ठरवा, मराठीत एका कागदावर लिहून दोन्हीकडून सह्या घ्या. काम सुरू करताना मनात ती अढी राहिली तर चांगला सेटर शेजारच्या गाळ्यात जाईल.

पैशाची दोन-तीन कामं पहिल्याच आठवड्यात उरकायची; यातल्या पीएफ, कर्ज आणि हप्त्याच्या सवलती २०२० मधल्या होत्या. शंभरपर्यंत कामगार आणि त्यांपैकी ९० टक्क्यांचा पगार १५ हजारांच्या खाली असेल, तर मार्च ते ऑगस्ट २०२० चा दोन्ही बाजूंचा २४ टक्के पीएफ सरकार भरत होतं, १५ हजारांखालच्या कामगारांपुरता. तुमच्या २४ जणांत दोघेच वर असतील तर तुम्ही त्यात बसत होता, तिघे असतील तर प्रमाण ८७.५ टक्क्यांवर येत होतं आणि सगळेच बाहेर. मोजून बघायचं, बसत असाल तर चलन वेळेवर अपलोड करायचं. बँकेकडे २९ फेब्रुवारी २०२० च्या थकबाकीच्या २० टक्के सरकारी हमीचं कर्ज तेव्हा मिळत होतं: तारण नाही, चार वर्षांची मुदत, पहिलं वर्ष मुद्दल नाही, व्याज कमाल ९.२५ टक्के. रिझर्व्ह बँकेची ३१ ऑगस्ट २०२० पर्यंतची हप्ता पुढे ढकलायची सवलत मात्र अगदी नाइलाज असेल तरच घ्यायची होती, कारण व्याज चालूच राहत होतं. हमीचं कर्ज जुनी देणी भागवायला नाही, कच्च्या मालाला वापरायचं. स्टीलवाला आता उधारी देणार नाही, आणि ग्राहकाचे नवीन पैसे यायला ऑगस्ट उजाडेल. मार्चची बिलं अडकली असतील तर सूक्ष्म-लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. शेड्यूलच्या त्याच मेलमध्ये जुन्या बिलांची यादी तारखांसह जोडा, आणि प्रत डिस्पॅच मागणाऱ्या खरेदी विभागाबरोबर त्यांच्या अकाउंट्सलाही पाठवा.